पायाखालची वाट

टेंभुर्णी म्हटले की पुण्या-सोलापूरकडच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर महामार्गावरचे, माढा तालुक्यातले टेंभुर्णी उभे राहते. मी ज्या टेंभुर्णीविषयी लिहिणार आहे ते हे नव्हे. आमचे टेंभुर्णी जालना जिल्ह्यातले, जाफराबाद तालुक्यातले. ते माझे माहेर. येथे थंड हवा नाही, धबधबा नाही, घोड्यावर बसून फोटो काढण्याची सोय नाही. आहे ते काळेभोर शिवार, त्यात कापूस, तूर, मका, सोयाबीन आणि नुकती उगवलेली शाळू ज्वारी. मध्येच एखादा मुरमाड माळ, एखादे टेकाड, आणि पाऊस चांगला झाला असेल तर दिवाळीपर्यंत खळखळणारे ओढे. मुलाबाळांसह, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह पायी हिंडायला याहून चांगली जागा शोधायला लांब जाऊ नये, असे माझे मत आहे. यात माहेरचा अभिमान थोडा असेल, पण सगळा अभिमानच आहे असे नाही, हे वाचकांना पटवून देण्यासाठी हा लेखप्रपंच.

दिवाळीच्या सुट्टीत आपण शहरातली माणसे काय करतो? सामान मोटारीत भरतो, चार-सहा तास बसून कोठेतरी जातो, तिथे खोलीत बसतो, हॉटेलात बसतो, आणि पुन्हा मोटारीत बसून परत येतो. घरी आल्यावर मुले म्हणतात, "फार दमलो." ती बिचारी चालून दमलेली नसतात, बसून दमलेली असतात! मी महाविद्यालयात मराठी शिकवते. निबंधात 'निसर्गरम्य परिसर' हे दोन शब्द न चुकता लिहिणारे माझे विद्यार्थी त्या परिसरातल्या एकाही झाडाचे नाव लिहीत नाहीत. दोष त्यांचा नाही. मोटारीच्या काचेतून झाड दिसते, झाडाचे नाव दिसत नाही. त्यासाठी झाडापाशी थांबावे लागते, आणि थांबण्यासाठी आधी चालत असावे लागते.

आता गावाच्या नावाचेच पाहा. टेंभुर्णी हे मुळात एका रानझाडाचे नाव. ज्याच्या पानांत तंबाखू वळून विडी होते, ते हे झाड. हिंदी मुलखात त्याला तेंदू म्हणतात. साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. पान जाड, चामड्यासारखे. फळ उन्हाळ्यात पिकते, पिवळे होते, आणि आतला गर चिकूच्या जवळचा गोड लागतो. आबनूस या काळ्याभोर, मौल्यवान लाकडाच्या कुळातले हे झाड; जुन्या खोडाचा गाभाही तसाच काळा निघतो. मराठी मुलखात टेंभुर्णी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, चिंचोली, पळसखेडा, उंबरखेड, बाभूळगाव, जांभळी ही नावे तर जिल्ह्याजिल्ह्यात सापडतील. पूर्वजांनी गावांना नावे देताना राजाच्या आधी झाडाकडे पाहिले, हे मला मोठे मनोहर वाटते. परंतु आजची स्थिती अशी की राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या मोजक्या जिल्ह्यांत जालन्याची गणना होते. गावांच्या पाट्यांवर झाडे आहेत आणि शिवारात नाहीत, असे बऱ्याच ठिकाणी झाले आहे.

गेल्या भाऊबीजेला आम्ही माहेरी होतो. माझी लेक बारा वर्षांची, चिरंजीव आठ वर्षांचे. फराळ झाल्यावर लेकीने आजोबांना विचारले, "अण्णा, टेंभुर्णी झाडाचं नाव ना? मग ते झाड कुठंय?" अण्णांचे वय चौऱ्याहत्तर. त्यांनी काठी घेतली, टोपी घातली आणि म्हणाले, "चला, दाखवतो. चपला नको, बूट घाला." अशा रीतीने आमची सहकुटुंब पदयात्रा निघाली. आमचे यजमान पुण्याचे. त्यांनी आधी फोनवरच्या नकाशात वाट शोधून पाहिली. नकाशात डांबरी रस्ता तेवढा होता. अण्णा म्हणाले, "जावईबापू, ते ठेवा खिशात. ही पायाखालची वाट आहे."

'पायाखालची वाट' हा शब्दप्रयोग आपण परीक्षेत अर्थासह लिहितो आणि विसरतो. त्या सकाळी मुलांना तो पायांनी समजला. घरांच्या मागून वाट निघाली, दोन्ही बाजूंना लिंब आणि बाभळी असलेल्या पांदणीत शिरली. पुण्याकडे पाणंद म्हणतात, आमच्याकडे पांदण. पिकांच्या मधून बैलगाड्या जाण्यासाठी राखलेली ही गल्ली वर्षानुवर्षांच्या चाकांनी शेताच्या पातळीखाली गेलेली असते. पुढे वावरांचे धुरे लागले, तरवडाची पिवळी फुले लागली, कच्च्या बोरांनी लगडलेल्या बोरी लागल्या. ओढ्याच्या काठी शेपटी खालीवर करणारे धोबी पक्षी होते. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून हे पाहुणे दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे येतात. तारेवर बसलेला एक नीलपंख उडाला आणि त्याच्या पंखांतला निळा रंग पाहून चिरंजीवांनी जे तोंड उघडले ते बराच वेळ मिटले नाही. सव्वा तासात आम्ही जेमतेम अडीच किलोमीटर चाललो असू. पण त्या सव्वा तासात मुलांच्या पदरात धुरा, पांदण, लवण, माळ, गायरान, शीव, ओहोळ, डोह असे आठ शब्द पडले. वर्गात हे आठ शब्द शिकवायला मला आठ तास पुरले नसते.

माळाच्या कडेला अण्णांना ठाऊक असलेले ते झाड होते. एकच, बुटके, वारंवार तोडलेले, बुंध्यापासून पुन्हा फुटलेले. लेकीने सालीवर हात फिरवला. "एवढंसंच?" ती म्हणाली. अण्णा म्हणाले, "आमच्या लहानपणी इथं बसून आम्ही टेंबरं खायचो. आता हे एक राहिलं."

परतताना आम्ही दुसरी वाट घेतली. ही वाट मी स्वतः लहानपणी मामाच्या मळ्याकडे जाताना तुडवलेली. तिच्या मध्यावर आलो तो वाटच संपली! शे-दीडशे पावले नांगरून त्यात कपाशी लावलेली होती. मालक तिथेच कापूस वेचत होते. अण्णांच्याच वयाचे, त्यांच्या ओळखीचे. रामराम झाला. अण्णांनी नुसते त्या जागेकडे पाहिले. मालक म्हणाले, "अण्णा, रागावू नका. चालणारंच कोणी ऱ्हायलं नाही. गडी गाडीवर जातो, पोरं शाळेच्या गाडीत जातात. मग वाट कोणासाठी ठेवू? रोज दोन लेकरं चालत आणा, मी सोडतो जागा."

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे म्हणता येईना. परंतु त्यांच्याच वावरात वेचणीला आलेल्या बायांपैकी एक आजीबाई कंबर सरळ करीत म्हणाल्या, "कोणी नाही कसं? आम्ही हाय की! आता सडकेनं वळसा पडतो, अर्धा तास जास्तीचा." क्षणभर कोणीच बोलले नाही. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याच्या दृष्टीने वाट संपलेली असते. जिच्याकडे फक्त पाय आहेत तिच्या दृष्टीने ती अजून आहे, फक्त लांब झाली आहे. आपण हौसेने चालणारे आणि त्या पोटासाठी चालणाऱ्या, या दोघांची वाट एकच असते, हे मला त्या बांधावर उमगले.

मराठीत 'वहिवाट' असा एक सुंदर शब्द आहे. आज तो फक्त तहसील कचेरीत आणि भाऊबंदकीत ऐकू येतो. वहिवाट म्हणजे वापर, चालत आलेला रिवाज. त्या शब्दाच्या पोटातच वाट आहे. वापर असतो तोवर वाट असते, वापर थांबला की वाट बुजते. कायद्यानेही हे ओळखलेले आहे. महसूल खात्याच्या गावनकाशांत गाडीमार्ग दुहेरी रेघेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेघेने दाखवतात. त्या तुटक रेघेची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने दिलेला आहे, आणि शेताला जाण्यासाठी बांधावरून वाट देण्याची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमात आहे. शेतापर्यंतच्या पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये राज्य शासनाने स्वतंत्र योजनाही काढली. तेव्हा कागदावर वाटेची कड घेणारे पुष्कळ आहेत. कमी आहेत ते चालणारे.

इंग्लंडातली गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. तिथल्या औद्योगिक शहरांतल्या कामगारांना सुट्टीच्या दिवशी माळरानावर हिंडायला जमीनदार मज्जाव करीत. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण चालणारे मुद्दाम किंडर स्काउट नावाच्या बंद टेकडीवर चढले. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगात जावे लागले. पुढे १९४९ मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतल्या पाऊलवाटांचे अधिकृत नकाशे करावेत असे ठरले. त्यामुळे आजही तिथे शेताच्या मधून जाणाऱ्या वाटेवर खुणेचा खांब असतो, कुंपणाला पायऱ्या असतात, आणि आईबाप मुलांना घेऊन रविवारी बिनदिक्कत चालत असतात. चालणाऱ्यांनी वाटा वाचवल्या, त्या अशा.

गंमत अशी की वाट ओळखण्याचा एक नामांकित धडा एका इंग्रजाने आमच्याच मुलखात गिरवलेला आहे. जाफराबादच्या पश्चिमेला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे खेडे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीची येथे लढाई झाली. समोर केळणा, पलीकडे मराठ्यांच्या तोफा, आणि वाटाडे सांगत होते की नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिले की नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावे समोरासमोर वसलेली आहेत. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपलगाव आणि वरूर अशी आहेत. त्याने तर्क केला की माणसे नदीच्या आरपार इतकी जवळ राहतात, त्या अर्थी त्यांची येजा असणार, आणि येजा असेल तर उतारही असणार. उतार होता. त्या उताराने त्याची फौज पलीकडे गेली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभे राहून कापले गेले, इंग्रजांकडचे सुमारे सोळाशे लोक मेले वा जखमी झाले, आणि लढाई इंग्रजांनी जिंकली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला. नदीकाठी मुलांना नेऊन ही हकिगत सांगावी आणि विचारावे, "सांगा पाहू, येथे उतार कोठे असेल?" इतिहासाचा तास घेण्याची याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही.

या टापूत हिंडण्याजोगी आणखी स्थळे आहेत. अकोलादेवला जीवरेखा धरण आहे. हिवाळ्यात पाखरे पाहायची असतील तर धरणाचा काठ धरावा. जाफराबादेस केळणा पूर्णेला मिळते. ही पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला जाणारी. विदर्भ-खानदेशातून तापीला मिळणारी पूर्णा वेगळी. दोन टेंभुर्ण्यांप्रमाणे दोन पूर्णा! भोकरदन हे केळणाकाठचे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे नगर. भारहूत आणि सांची येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या माणसांची नावे कोरलेली आहेत. १९७३ च्या उत्खननात येथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग सापडला. तशाच घडणीची मूर्ती इटलीतल्या पाँपेई नगरात, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली मिळालेली होती. केळणाकाठचे भोकरदन आणि भूमध्य समुद्राकाठचे पाँपेई! मधली वाट माणसांनी आणि बैलांनीच तुडवली असणार, निदान समुद्र लागेपर्यंत. आणि राजूर तर सर्वांना ठाऊक आहेच. तिथल्या टेकडीवरच्या गणपतीला अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून माणसे सुमारे पंचवीस किलोमीटर पायी जातात. त्या रात्री आबालवृद्ध चालतात, आणि कोणीही "फार दमलो" म्हणत नाही!

मराठी शिकवणारीने लीळाचरित्राचा उल्लेख केला नाही, तर विद्यार्थी हसतील. चक्रधरस्वामी हे अखंड चालणारे पुरुष. गोदाकाठच्या आणि मराठवाडा-वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांतून ते पायी हिंडले, आणि अनुयायांनाही त्यांनी हिंडण्याचाच उपदेश केला. त्यांच्यानंतर म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना भेटून, त्यांच्या आठवणी गोळा केल्या. तेराव्या शतकातला हा ग्रंथ मराठी गद्याच्या आरंभीचा. म्हणजे आपले गद्य जन्मले ते चालणाऱ्या माणसाच्या मागे चालत चालत. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त तर कोणत्या गावी, कोणत्या देवळापाशी, कोणत्या दिशेला स्वामी बसले, याची बारकाईने नोंद आहे. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद मलाही आहेच. परंतु धुरा आणि लवण हे शब्द पायांतून गेले, तर ते दर्जाच्या कागदावर किती दिवस टिकतील?

आता थोडे व्यवहाराचे. हिंडण्याचा हंगाम दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. दिवाळीत रान हिरवे, डोंगराकडेला सीताफळे. पौषात हुरडा, बोरे, हरभऱ्याचे घाटे, आणि ज्वारीवर तुटून पडणाऱ्या भोरड्यांचे थवे. सकाळी साडेसहाला निघावे, नऊच्या आत परतावे. अंतराबाबत माझा स्वतःचा नियम आहे. बरोबरच्या सर्वांत लहान मुलाचे वय किती, त्याच्या निम्मे किलोमीटर, त्याहून अधिक नाही. सर्वांत पुढे आजोबा आणि सर्वांत मागे आई किंवा वडील. मधल्यांनी हवे तितके रेंगाळावे. पायांत बूट असावेत, कारण गवतात घोणस असू शकते. हातात काठी, पाठीवर पाणी, आणि डब्यात भाकरी-ठेचा किंवा उरलेला फराळ. न कठड्याच्या विहिरीजवळ मुलांचा हात सोडू नये. नदीपात्रात वाळू उपशाचे खड्डे असतात, तेव्हा अनोळखी पाण्यात उतरू नये. रानडुकरांसाठी कुंपणाला विजेचा झटका सोडलेला असतो, म्हणून तारेला हात लावू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणाच्या वावरातून जायचे तर आधी रामराम घालावा आणि विचारावे. बोंड तोडू नये, पीक तुडवू नये, कागद टाकू नये. विचारणाऱ्याला "नको" म्हणणारा शेतकरी मला आजवर भेटलेला नाही; उलट हातावर शेंगा ठेवणारेच भेटले.

आणि हे सारे करायला टेंभुर्णीलाच यायला हवे असे मुळीच नाही. या दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळजण भाऊबीजेला माहेरी, सासुरवाडीला, आजोळी जातीलच. प्रत्येक गावाला एखादी पांदण असते, एखादा ओढा असतो, आणि वाट ठाऊक असलेले एखादे म्हातारे माणूस असते. त्या माणसाला म्हणावे, "चला, आम्हांला शिवार दाखवा." ते माणूस नाही म्हणणार नाही, कित्येक वर्षे कोणीतरी हे विचारण्याची ते वाटच पाहत असते. परत येताना गावाच्या नावाचे झाड कोठे दिसते का ते पाहावे, आणि नसले तर पावसाळ्यात एक लावायला पुन्हा जावे. आमच्या लेकीने तसे ठरवले आहे. टेंबरांच्या बिया आणून देण्याचे अण्णांनी कबूल केले आहे, आणि झाड कोठे लावायचे तेही तिने मुक्रर करून टाकले आहे. ते त्या कपाशीच्या कडेला, जिथे वाट संपते तिथे. म्हणजे पाणी घालायला, ती म्हणते, कोणाला तरी रोज चालत जावेच लागेल.